साठाच्या पुढची पाच पानं

"मग उरलेले पाच कुठं गेले?" भानुबुवांनी विचारलं.

हे ऐकायला का यशोधर डोंगर चढून मठात आला होता? बुवांनी एकदाच म्हणावं, की बाबा, तुझी चूक नाही, एवढ्यासाठी आला होता तो.

गोष्ट अशी. गेल्या पुरात पल्याडच्या वाडीतली पासष्ट माणसं होडीनं आणायची होती, एका खेपेला बारा. याद्या यशोधरच्या प्रोग्रॅमनं काढायच्या. त्यानं नावांचा अ‍ॅरे केला, म्हणजे ओळीनं लावलेली यादी, आणि तिचे बारा-बाराचे सारखे तुकडे पाडले. पाच तुकडे, पाच खेपा. यादीत नाव असेल त्यालाच होडीत जागा, असा हुकूम होता. शेवटची पाच नावं कुठल्याच तुकड्यात आली नाहीत. संध्याकाळपर्यंत वाडीच राहिली नाही.

"भागून उरतं ते प्रोग्रॅमची भाषाच टाकून देते, बुवा. तिचा नियम आहे तो."

हात झटकायचेच म्हटले तर माणसाला नियमसुद्धा पुरतो.

"भाषा टाकून देते हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

पुढचं सांगताना मात्र त्याची ऐट उतरली. प्रोग्रॅम त्यानं कधीच दुरुस्त केला होता, दहादा तपासला होता. पण आता नेमकी साठ नावं बारा-बारांत वाटली तरी शेवटी पाच उरत. कुठलीही यादी घ्या, पाच उरतच. तो भ्यायला होता, चांगलाच भ्यायला होता.

बुवा उठले. दुपारच्या पंगतीची वेळ झाली होती. मठात बुवा धरून गोसावी बारा. त्यांनी यशोधरलाच पानं मांडायला लावली. बारा पानं, बारा जण बसले.

"कुणी राहिलं?"

"नाही, बुवा."

बुवांनी आणखी पाच पत्रावळी त्याच्या हातात दिल्या. त्यानं त्या ओळीच्या टोकाला मांडल्या. एकाही गोसाव्यानं मान वर केली नाही.

"आता नावं घेऊन बोलाव त्यांना. इथं बिननावाचं बोलावणं चालत नाही."

"साठ, एकसष्ट, बासष्ट…" यशोधर चाचरला. "चौसष्टपर्यंत. अ‍ॅरे शून्यापासून मोजतात."

"मी नावं विचारली."

पासष्ट नावं त्याच्या हाताखालून गेली होती. त्यातलं एकही त्याला आठवेना. त्यानं ती वाचलीच नव्हती.

"बरं… भात वाढ," बुवा म्हणाले.

त्यानं पाचही पानांवर भात वाढला आणि वरणाचं पातेलं घेऊन परत आला. पानांपुढची सारवलेली जमीन ओली झाली होती. गढूळ पाण्याचा वास येत होता. वरणासाठी बोटांनी आळं करतात, तसं प्रत्येक भाताला आळं केलेलं होतं.

शेवटच्या पानावरचं आळं अगदी लहान होतं.

त्यानं बुवांकडे पाहिलं. बुवा आपल्या पानावर शांत बसले होते.

"थांबलास का? वरण घाल, नावं विचार… आणि या खेपेला शेवटून सुरू कर."