शिमोनला झालेली वाणी

एकदा एका माणसाला मत्सरापोटी देवाचा आवाज ऐकू आला. त्याची ही हकीकत.

गोदावरीच्या काठी, एका तालुक्याच्या गावात लहानशी ख्रिस्ती मंडळी होती. तिचे वृद्ध पाळक थोमा काळोखे यांना सगळे आबा म्हणत. वयाची ऐंशी उलटल्यावर आबांनी दोन शिष्य हाताशी धरले. आपल्यामागे त्यांपैकी एकाने मंडळी सांभाळावी अशी त्यांची इच्छा होती. कोणी, हे मात्र त्यांनी कधी बोलून दाखवले नाही.

पहिला शिष्य शिमोन हिवाळे. तो शाळेत मास्तर होता. पवित्र शास्त्राचा त्याचा अभ्यास मोठा, वाणी शुद्ध, आचरण नेमाचे. दुसरा याकोब पगारे. बाजारपेठेच्या टोकाला त्याचे सायकलदुरुस्तीचे दुकान होते. शिक्षण पाचवीपर्यंत. उपासनेत वाचन करायची पाळी आली की तो प्रत्येक जोडाक्षरापाशी थांबे, आणि शिमोन मागच्या ओळीतून ते अक्षर हळूच उच्चारून त्याला पुढे ढकली.

परंतु याकोब कधीकधी अगदी सहज म्हणे, "प्रभूनं मला असं असं सांगितलं." एकदा चालू प्रार्थनेतून तो उठला. "पाटाकडं जायला सांगितलंय," एवढेच म्हणाला आणि चालू लागला. पाटावरच्या बंद पंपघरात म्हातारा राखणदार पाय मोडून दोन दिवस पडलेला होता. त्या दिवसापासून लोकांची पावले याकोबच्या दुकानाकडे वळू लागली. कोणी मुलीच्या स्थळाविषयी विचारी, कोणी आजारपणाविषयी. याकोब हात पुसून प्रार्थना करी. ऐकू आले तर सांगे, नाही तर "काही कळलं नाही" म्हणे.

शिमोनच्या अंतःकरणात तेव्हापासून एक काटा रुतला. तो पहाटे उठून गुडघ्यांवर बसे ते पाय बधिर होईपर्यंत. ऐकू काहीच येत नसे. मंडळी प्रार्थनेत असली की तो एक डोळा उघडून याकोबचा चेहरा पाही. याकोबने सांगितलेली एखादी गोष्ट घडली नाही की ती त्याच्या बरोबर लक्षात राही. एकदा याकोब तापाने आडवा झाला, तेव्हा शिमोनने त्याच्या घरी जाऊन मनापासून विचारपूस केली आणि त्या रात्री त्याला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. आपण याकोबची देवाकडे तक्रार करीत आहोत हे त्याला उमगत नव्हते. त्याला वाटे, आपण प्रार्थना करीत आहोत.

एके दिवशी तो आबांना म्हणाला, "आबा, वीस वर्षं मी शास्त्र वाचतोय. मला एकदाही काही ऐकू का येत नाही?"

"एकदाही नाही?" आबांनी विचारले.

"नाही."

आबांनी त्याच्याकडे थोडा वेळ पाहिले आणि विषय बदलला.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला. एका शुक्रवारी संध्याकाळी सालोमीबाई शिमोनच्या ओसरीवर आल्या. त्या विधवा होत्या. चार वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता मुलगा जयवंत वडिलांशी भांडून घर सोडून गेला होता. मागल्या वर्षी वडील वारले. मुलाला ते ठाऊकही नव्हते.

"गुरुजी, भाऊ मला जालन्याला न्यायला येतोय," त्या म्हणाल्या. "दिसायला कमी झालंय, एकटीनं निभत नाही. पण मी गेले आणि मागनं जयवंत आला, तर कुलूप बघून परत जाईल. माझ्यासाठी देवाला विचाराल का?"

गाव याकोबकडे जात होते आणि ही बाई आपल्याकडे आली होती. त्याने डोळे मिटले. मग आतून कोणीतरी म्हणाले, "नको." फार हळू, अगदी साध्या सुरात. त्यावर लगेच दुसरे काही उठले, मोठे आणि घाईचे: बोल. याकोब असता तर एव्हाना बोलला असता.

शिमोनने डोळे उघडले. "बाई, प्रभू म्हणतो, जयवंत ईस्टरच्या आत घरी येईल. तुम्ही जाऊ नका."

सालोमीबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि त्या रडू लागल्या. इतकी आशा आपण कुणाला दिल्याचे शिमोनला आठवत नव्हते. त्याला धन्य वाटले.

रविवारी सालोमीबाईंनी उपासनेत उभ्या राहून या वाणीची साक्ष दिली. साऱ्या मंडळीने "आमेन" म्हटले, याकोबने सर्वांत मोठ्याने. केवळ आबांचे ओठ हलले नाहीत, आणि शिमोनची नजर नेमकी तिथेच होती.

त्याच आठवड्यात जालन्याहून भाऊ टेंपो घेऊन आला. सालोमीबाईंनी त्याला रिकामा परत पाठवला. "आता पुन्हा बोलावू नकोस," असे म्हणून तो गेला. सालोमीबाईंनी शेजारणीच्या मदतीने जयवंतच्या खोलीला चुना दिला. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारनंतर त्या रोज एस.टी. स्थानकावर जाऊन बसू लागल्या.

आणि सोमवारी लोकांनी एक नवल पाहिले. ज्या आबांनी आमेनसुद्धा म्हटले नव्हते, ते काठी टेकत स्थानकावर आले आणि सालोमीबाईंच्या शेजारी बाकावर बसले. चैत्रातले ऊन, वरचा पत्रा तापलेला. गाडी आली की सालोमीबाई उठत, शेवटचा उतारू उतरेपर्यंत दाराकडे पाहत आणि परत बसत. त्यांच्याबरोबर आबाही उठत आणि बसत. मंगळवारी तेच, बुधवारी तेच.

"आबांचाही विश्वास बसला म्हणायचा," गावात लोक म्हणाले. पहिले दोन दिवस शिमोनला ते ऐकून बरे वाटले. शाळेत जाताना तो मुद्दाम स्थानकावरून जाई. तिसऱ्या दिवशी त्याने वाट बदलली. त्या दोघांचे ते उठणे आणि बसणे त्याला पाहवेना.

गुरुवारी दुपारी तो स्थानकावर आला. सालोमीबाई पाण्याची बाटली भरायला गेल्या होत्या.

"आबा," तो म्हणाला, "तुम्ही का बसता इथं? तुमचा माझ्या वाणीवर विश्वास आहे?"

"तुझं बोलणं खरं ठरलं, तर मला जयवंत भेटेल," आबा म्हणाले. "खरं नाही ठरलं, तर ती बाई एकटी नसेल. दोन्हीकडून इथंच बसायला हवं."

शिमोन खाली बसला. आबांनी विचारले, "तू बोललास त्याच्याआधी आत काय झालं?"

शिमोनला खोटे बोलता आले असते. "कोणीतरी ‘नको’ म्हणालं," तो म्हणाला.

"मोठ्यानं?"

"नाही. इतकं साधं की मी त्याला आवाज मानलाच नाही."

"ओळखीचं होतं?"

शिमोन विचारात पडला. पेपर तपासताना एखाद्या नावडत्या मुलाचा गुण कापायला हात जाई, तेव्हा हेच कोणीतरी असे. बायकोला लागेल असे शब्द जिभेवर येत, तेव्हाही हेच. इतक्या वर्षांत त्याने कधी त्याचे ऐकले होते, कधी नव्हते; पण ते येत असे.

"ओळखीचं होतं," तो हळूच म्हणाला.

"मग तुला ऐकू येत नाही असं तुला कोणी सांगितलं?" आबा म्हणाले. "तू याकोबला ऐकू येतं तसं ऐकू यायची वाट बघत बसलास. तुझ्याशी तो तुझ्या भाषेत बोलत होता. आता दुसरं सांग. ज्या आवाजानं तुला ‘बोल’ म्हटलं, त्याचं लक्ष कुणाकडं होतं?"

"याकोबकडं."

"आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचं?"

शिमोनच्या डोळ्यांत पाणी आले. "सालोमीबाईंकडं."

"त्यावरनं ओळखावं," आबा म्हणाले. "हेव्याचा आवाज समोरच्या माणसाला बघतच नाही. देवाचा आवाज त्याच्यावरनं नजर काढत नाही. मी साठ वर्षं पाळक आहे, शिमोन. मलाही यापेक्षा मोठी खूण सापडलेली नाही."

एक गाडी आली आणि गेली. शिमोन म्हणाला, "अजून तीन दिवस आहेत. एखाद वेळी तो येईलही."

"येईलही," आबा म्हणाले.

"मग मी गप्प राहू?"

"मला नको विचारूस. ज्याला ओळखतोस त्याला विचार."

शिमोनने डोळे मिटले नाहीत, गुडघेही टेकले नाहीत. सालोमीबाई बाटली घेऊन परत येत होत्या. त्यांना दुरून बाक नीट दिसत नव्हता म्हणून त्या हाताने खांब चाचपत होत्या. ते पाहत असतानाच त्याच्या आत तोच साधा सूर म्हणाला, "सांग."

तो उठला. त्यांच्या हातातली बाटली घेऊन त्याने त्यांना बसवले. "बाई," तो म्हणाला, "जयवंत येईल असं मला प्रभूनं सांगितलेलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं बोललो. मला याकोबसारखं व्हायचं होतं."

सालोमीबाईंनी बाटली परत घेतली. मग म्हणाल्या, "मी खोलीला चुना दिला, गुरुजी."

"हो."

"भावाला दारातनं परत लावलं."

"हो."

"तुमच्या आधी मी याकोबकडंच गेले होते," त्या म्हणाल्या. "तो म्हणाला, मला काही कळलं नाही बाई, पण रोज तुमच्यासाठी प्रार्थना करीन. मला ते पुरलं नाही. मला कोणीतरी ‘येईल’ म्हणायला हवं होतं. म्हणून तुमच्याकडं आले."

त्यांनी शिमोनला क्षमा केली असे काही त्या बोलल्या नाहीत. त्यांनी तोंड फिरवले, आणि पुढची गाडी आली तेव्हा त्या उठल्या नाहीत.

गुड फ्रायडेची उपासना संपल्यावर शिमोनने तेच शब्द साऱ्या मंडळीसमोर उच्चारले. शनिवारी पहिल्या गाडीने तो जालन्याला गेला. सालोमीबाईंच्या भावाने त्याला अंगणातच उभे ठेवले, सगळे ऐकून घेतले आणि मास्तराला कोणी बोलू नये असे काही ऐकवलेही. शिमोनने ते खाली मान घालून ऐकले. ईस्टर झाल्यावर भाऊ पुन्हा टेंपो घेऊन आला आणि सालोमीबाईंना घेऊन गेला. घराची किल्ली आबांकडे राहिली, आणि दाराला जालन्याच्या पत्त्याची चिठ्ठी. ती पावसात पुसली की शिमोन नवी लिहून लावी.

जयवंत त्या ईस्टरला आला नाही. तो आला दुसऱ्या वर्षी, भाद्रपदात, एका आडदिवशी. त्याच्याविषयी कुणालाही काही वाणी झालेली नव्हती. त्याने चिठ्ठी वाचली आणि तो जालन्याला गेला.

ही बातमी कळली तेव्हा शिमोन ती सांगायला याकोबच्या दुकानावर गेला. याकोब एका सायकलचे चाक काढत होता. त्याला फार आनंद झाला.

"याकोब," शिमोन म्हणाला, "बाई तुझ्याकडं आल्या होत्या, तेव्हा ‘काही कळलं नाही’ असं तुला कसं म्हणवलं?"

"कळलंच नव्हतं. दुसरं काय म्हणणार?"

"वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की," याकोब म्हणाला. "त्यात ती तुमच्याकडं गेली आणि तुम्हाला वाणी झाली असं ऐकलं. तुम्हाला अक्षर न अक्षर वाचता येतं, गुरुजी, आणि वर हेही. मला तुमचा लई हेवा वाटला. आमेन एवढ्या मोठ्यानं त्याच्यामुळंच म्हणालो, तो हेवा माझा मलाच ऐकू येऊ नये म्हणून."

शिमोनने विचारले, "मग काय केलंस?"

"देवाला सांगितलं, हेवा वाटतोय."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, हातातलं चाक आधी पुरं कर. गिऱ्हाईक खोळंबलंय."

शिमोन शेजारी बसला. पुष्कळ वर्षांनी याकोबचा चेहरा तो दोन्ही डोळ्यांनी, निवांतपणे पाहत होता. मग त्याने हात पुढे केला आणि याकोबला आस बसवता यावा म्हणून चाक धरून ठेवले.