सर्वांचं एकच नाव

एकदा शहरातल्या एका वृद्ध तंत्रज्ञांना डोंगरापलीकडच्या एका धर्मादाय रुग्णालयातून बोलावणं आलं. दूरदूरच्या रुग्णालयांतील संगणकांची देखभाल करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. सोबत त्यांचा शिष्य होता, हुशार आणि थोडा घाईचा.

त्या रुग्णालयात एकच सर्व्हर होता. प्रयोगशाळा, औषधभांडार, कार्यालय, प्रसूतिकक्ष, सर्वांचं काम त्याच्यावरच चाले. काही बिघडलं तर शहरातून माणूस यायला अख्खा दिवस मोडे. म्हणून कोणाचं अडू नये या सद्भावनेने सर्वांना ‘ॲडमिन’ हे एकच नाव आणि त्याचा एकच पासवर्ड दिलेला होता. त्या नावाने आत शिरणाऱ्याला त्या यंत्रावर काहीही बदलता येई, काहीही पुसता येई.

तिथे आणखी एक रीत होती. रक्ततपासणीत काही गंभीर आढळलं, की प्रसूतिकक्षातल्या पडद्यावर त्या बाईच्या नावापुढे लाल खूण उमटे. खूण नसली म्हणजे सगळं ठीक, असं धरून सारे चालत. एका आठवड्यात सर्व्हरवरची जागा भरत आली, तेव्हा कोणीतरी एक जुना दिसणारा फोल्डर पुसून टाकला. खुणा त्यातूनच येत होत्या. त्या थांबल्या, आणि थांबल्याचं कोणाला कळलं नाही. मग अंगात रक्त फारच कमी असलेली एक बाई बाळंतपणासाठी आली. तिच्या नावापुढे खूण नव्हती, म्हणून रक्त मागवून ठेवलं गेलं नाही. बाळ वाचलं. ती गेली.

शिष्याने सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. फोल्डर पुसणाऱ्याचं नाव तिथे होतं.

“कोणी केलं तेवढं सांगा,” रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर म्हणाले. “आजच्या आज घरी पाठवतो त्याला.”

“ॲडमिनने केलं,” वृद्ध म्हणाले.

“ॲडमिन म्हणजे कोण?”

“तुम्ही सगळे.”

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या रेवतीताई दाराशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. “सर, त्या आठवड्यात मीही थोडी साफसफाई केली होती. काय काय पुसलं ते आठवत नाही. ते माझ्या हातून झालं का, एवढं सांगा. हो म्हणालात तरी चालेल.”

वृद्धांनी नोंदींचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. “ताई, ते आता कोणालाच सांगता येणार नाही.”

“म्हणजे मी केलं नाही, हेसुद्धा नाही?”

“नाही.”



दुपारी वृद्धांनी शिष्याला कामाला लावलं. आधी लाल खुणा पुन्हा सुरू केल्या, मग बाकीचं. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या नावाचा प्रवेश, आणि ज्याचं जे काम तेवढाच अधिकार. औषधवाल्याला औषधं, कार्यालयाला कार्यालय.

“आता प्रिंटर बदलायचा तरी शहराला फोन करायचा का?” कारकुनाने विचारलं.

“करा. बोलायला मला आवडतं,” वृद्ध म्हणाले.

डॉक्टरांचेही पूर्ण अधिकार गेले, तेव्हा ते दुखावले. “हे रुग्णालय मी उभं केलं. माझ्यावरही विश्वास नाही?”

वृद्ध शिष्याकडे वळले. “आता माझे काढ.”

शिष्य थबकला. “तुमचे? मग अडचणीच्या वेळी काय करायचं? पावसात रस्ता बंद झाला तर?”

“ॲडमिनला नवा पासवर्ड ठेवू. अर्धा मी भरीन, अर्धा डॉक्टर भरतील. एकमेकांचा बघायचा नाही. उघडायची वेळ आली तर डॉक्टर इथे बसतील, मी माझा अर्धा शहरातून भरीन. एकट्याला ते नाव वापरता येणार नाही.”

तसंच झालं. डॉक्टर अक्षरं भरत असताना वृद्ध खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तसंच पाठमोरं राहून ते बोलले, “डॉक्टर, विश्वास तुमच्यावर कालही होता. फोल्डर पुसणाराही भला माणूसच असणार. त्याला मदतच करायची होती. मीही एखाद्या दिवशी थकलेला असेन आणि मदत करायला जाईन. माणूस गेल्यावर मागे राहिलेले लोक कारण शोधत बसतात. शिक्षा झाली तर ती कधीतरी भोगून संपते. रेवतीताईंच्या वाट्याला जे आलं आहे ते संपणार नाही. जे करण्याची सोयच हाताला नाही, त्याचा संशय त्या हातावर येत नाही. तुम्हा सर्वांना मी एवढंच देऊ शकतो, आणि तेही उशिरा.”

डॉक्टरांनी मान खाली घातली.

दोघे निघण्यापूर्वी रेवतीताईंनी स्वतःच्या नावाने सर्व्हर उघडून पाहिला. प्रयोगशाळेचं सगळं जागेवर होतं. मग त्यांनी प्रसूतिकक्षाच्या फोल्डरवर बोट ठेवलं. ‘परवानगी नाही’ अशी अक्षरं आली. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तीच.

“बरं झालं,” त्या हळूच म्हणाल्या, आणि तपासणीची पुढची नळी उचलली.

गाडी घाट उतरू लागली. शिष्य बराच वेळ बाहेर पाहत होता.

“बाकीच्या सगळ्या रुग्णालयांच्या सर्व्हरवर माझे पूर्ण अधिकार आहेत,” तो म्हणाला. “पोचल्याबरोबर ते काढा.”