तोंडातला थेंब

ओढ्यावर साकव नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. अलीकडच्या काळ्या मुंग्यांना पलीकडे कुणी राहतं हेच ठाऊक नव्हतं. एकदा वाऱ्याने बाभळीची फांदी ओढ्यावर आडवी पडली आणि तिच्यावरून एक तांबडी मुंगी चालत आली.

वारुळाच्या राखणीला भागी होती. काळ्यांची रीत अशी, की कुणी भेटलं की आधी मिशीला मिशी लावायची. ही तांबडी मात्र समोर थांबली आणि तिने सरळ जबडा उघडला.

"अगं बया, चावतेय ही!" भागीने झडप घालून तिची मान तोडली.

त्या मेल्या तोंडातून मधाचा थेंब ओघळला.

"अगं, ती तुला भरवायला आली होती," म्हातारी गोदी म्हणाली. भागीला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी तोंडात मध धरून ती फांदीवर जाऊन उभी राहिली. पलीकडून दुसरी तांबडी आली, बहिणीला शोधत. भागीने मान खाली घालून जबडा उघडला.

तांबडीने वास घेतला. मधाआधी तिला बहिणीच्या रक्ताचा वास आला. ती आल्या वाटेने पळत सुटली.

भागी तशीच उभी राहिली. तोंडातला थेंब तिला गिळवेना, की थुंकवेना.