अडवलेली वाळू

फार जुन्या काळची, लोक समुद्राला अजून अहोजाहो करत तेव्हाची ही गोष्ट. एका किनाऱ्यावर दोन गावं होती. नदीनं आणलेली वाळू लाटांबरोबर सरकत आधी दक्षिणेच्या गावाला लागायची आणि मग उत्तरेच्या गावाला जायची. दक्षिणेच्या गावात म्हणच होती, 'वाळू जाते तिकडे लेक द्यावी.' तिथल्या तांडेलानं, म्हणजे होड्यांच्या म्होरक्यानं, आपली एकुलती एक लेक उत्तरेलाच दिली होती.

तांडेल माणूस कष्टाळू, पण हावरा. मासळी वाळवायला जागा पुरेना, म्हणून त्यानं समुद्रात दगडांचा लांब बांध घातला. वाळू बांधाशी अडली. दोन वर्षांत गावापुढे वाळूची ही मोठी पुळण झाली! गावानं तांडेलाला डोक्यावर घेतलं. होड्या पाण्यापर्यंत ओढताना आता कंबरडं मोडायचं, पण ते बोलून दाखवणार कोण?

लेक माहेरी आली. म्हणाली, "बाबा, समुद्र आत येतोय. आमचे चार माड पडले."

"नारळ वाहा समुद्राला. होईल शांत," तांडेल म्हणाला.

दुसऱ्या वर्षी ती आली ती विहीर खारट झाल्याचं सांगत. तांडेलानं लगेच गोड्या पाण्याच्या घागरी होडीतून पाठवल्या. लेकीसाठी आपण किती करतो, हे चार जणांना ऐकवलंही.

तिसऱ्या वर्षी ती घरात न येता थेट बांधावर जाऊन उभी राहिली.

"मला पाणी नको, बाबा. हे दगड काढा. वाळू जाते तिकडे लेक दिलीत ना? मग वाळू का अडवलीत?"

वाळू अडली की पुढच्या गावात समुद्र शिरतो, हे तांडेलाला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. पण ज्या बांधानं मोठेपणा दिला, तो गावादेखत फोडायचा कसा?

"एवढा पावसाळा जाऊ दे, बाय. मग बघू."

लेक जेवायलाही थांबली नाही.

आषाढात उधाण आलं. उत्तरेच्या गावापुढे लाटांना थोपवायला वाळूच उरली नव्हती. पाणी थेट घरांत शिरलं. धडधाकट माणसं टेकडीवर चढली. तांडेलाची लेक मात्र पांगळ्या सासूला सोडून निघेना. त्या दोघी कुणाला पुन्हा दिसल्या नाहीत. वाचलेले लोक पोराबाळांना घेऊन दूर डोंगरापलीकडे निघून गेले.

तांडेलानं स्वतःच्या हातांनी बांध फोडला. गावकरी खाली मान घालून मदतीला आले. साठलेली वाळू पाट्यांनी होड्यांत भरायची, उत्तरेला नेऊन ओतायची, हेच काम चार वर्षं चाललं. उरलेली वाळू लाटांनी नेली.

पाचव्या वर्षी उत्तरेला पूर्वीसारखी रुंद, पांढरी पुळण झाली. तांडेल तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. तिथे मासळी वाळत नव्हती, चूल पेटत नव्हती, त्याला 'बाबा' म्हणणारं कुणी नव्हतं. म्हातारा वाळूत बसून धाय मोकलून रडला.

दुसऱ्याच्या वाट्याचं आपल्या दारात अडवू नये. उद्या ते परत करता येईल, पण घेणारं माणूस उरलेलं नसेल.