बेहड्यावरचा धनेश

पूर्वी वाराणसीत एक न्यायी राजा राज्य करीत असताना, त्या नगरीपासून फार दूर, दक्षिणेच्या डोंगराळ रानात बोधिसत्त्व धनेश पक्ष्याच्या कुळात जन्मला होता. एका जुन्या बेहड्याच्या झाडावर तो आपल्या जोडीदारणीसह राहत असे.

धनेशांच्या संसाराची रीत इतर पक्ष्यांहून वेगळी असते. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून चिखलाने लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ती ठेवते. आत बसल्यावर तिची उडायची पिसे गळून पडतात. नवी पिसे येईपर्यंत नराने रानात हिंडायचे, फळे गळ्यात साठवून आणायची आणि फटीतून एकेक करून भरवायची. नर आला नाही तर आतले सगळे उपाशी मरतात, आणि भिंत फुटली तर घोरपड आत शिरते.

त्या वर्षी पाऊस पडला नव्हता. जवळपासच्या उंबरांना फळ धरले नाही. ढोलीत दोन पिल्ले अंड्यांतून बाहेर आली, तेव्हा बोधिसत्त्वाला फळांसाठी दोन डोंगर ओलांडून जावे लागत होते. हे त्याने जोडीदारणीला सांगितले नाही. उगीच घाबरेल, असे त्याला वाटले. तो येई तेव्हा गळा फळांनी भरलेला, म्हणून बोलता येत नसे. गळा रिकामा झाला की उजेड असेपर्यंत दुसरी खेप करायची घाई असे.

"अहो, दोन शब्द तरी बोलत जा," ती फटीतून म्हणे. "या अंधारात मी दिवसभर कोणाशी बोलायचं?"

"येतो," एवढेच म्हणून तो उडून जाई.

त्याच झाडावर एक साळुंकी राहत होती. ती मनाने वाईट नव्हती, पण तिला गप्प बसवत नसे.

"काय गं बाई, आज दोनच उंबरं?" ती ढोलीपाशी येऊन विचारी. "नदीकाठी धनेशांचा थवा उतरलाय, ठाऊक आहे ना? त्यात एक तरणी आहे. काय तिची चोच! तुझे हे रोज तिकडेच जातात म्हणे."

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणजे? सगळेच. मी आपली तुझी काळजी म्हणून सांगते."

एके दिवशी बोधिसत्त्व आला नाही. डोंगरापलीकडच्या उंबराखाली शिकाऱ्यांनी जाळी लावली होती, आणि ते निघून जाईपर्यंत तो पानांत न हलता बसून राहिला. ते गेले तेव्हा अंधार पडू लागला होता, आणि अंधारात दोन डोंगर ओलांडता येत नव्हते.

इकडे दुपारपासून पिल्ले ओरडत होती. संध्याकाळ झाली तशी साळुंकी फांदीवर येऊन बसली. "सांगितलं होतं ना मी? आता कसला येतोय तो!"

मादीच्या अंगावर नव्या पिसांचे नुसते कोंब आले होते. भिंत फोडायची नसते, हे तिला कोणी शिकवायला नको होते. पण पोटात भूक होती आणि मनात त्या तरण्या धनेशीची चोच होती. फांदीवर जाऊन एकदा बघू, लगेच परत येऊ, असे म्हणत तिने भिंतीवर चोच मारायला सुरुवात केली.

ती फांदीवर आली. वारा लागताच सवयीने तिने पंख उघडले. त्या पंखांत वारा धरायला काही नव्हते. ती खाली करवंदीच्या जाळीत पडली. बुंध्यावर चढायचा तिने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, पण जमले नाही. तेवढ्यात तिच्या जवळूनच घोरपड झाडावर चढू लागली. मादी ओरडत राहिली. घोरपडीला कसलीच घाई नव्हती. मग वरून एका पिल्लाचा आवाज आला आणि थांबला.

सकाळी बोधिसत्त्व फळांनी भरलेल्या गळ्याने परत आला. त्याने फुटलेली भिंत पाहिली, जाळीत बसलेली मादी पाहिली, आणि काय झाले ते त्याला कळले. शेंड्यावरून साळुंकी ओरडली, "बघा, काय करून ठेवलंय हिने! पोटचं पोर घालवलं. राहू द्या तिला तिथंच!"

बोधिसत्त्वाच्या मनात संताप उसळला. त्याच्या तोंडाशी एक शब्द आला. तो ऐकला असता तर मादी त्या जाळीतून पुन्हा कधी बाहेर आली नसती. पण बोलायचे तर दोन डोंगरांपलीकडून आणलेली फळे जमिनीवर टाकावी लागणार होती. त्याच वेळी ढोलीतून अगदी बारीक आवाज आला. त्याने चोच मिटली.

ढोलीच्या तळाशी, कडेला चिकटून दुसरे पिल्लू जिवंत होते. बोधिसत्त्वाने एक उंबर वर काढून त्याला भरवले. मग दुसरे. घशातून एकेक फळ वर यायला वेळ लागत होता, आणि तो तेवढा वेळ देत होता. निम्मी फळे उरली तेव्हा तो खाली जाळीपाशी गेला.

मादीने मान वळवली. "मला नको. त्याला द्या."

तो चोचीच्या टोकावर फळ धरून उभा राहिला. तिने ते घेईपर्यंत हलला नाही.

गळा रिकामा झाला तेव्हा त्याला बोलता येणार होते. राग अजून होताच, पण तो शब्द आता त्याला नको होता.

"यंदा उंबर फार लांब आहेत गं," तो म्हणाला. "मी तुला सांगायला हवं होतं."

त्यानंतर त्याने चोचीतून ओला चिखल आणला आणि पिल्लाने आतून भिंत लिंपून घेतली. मादी जाळीतच राहिली. बोधिसत्त्व आधी वर आणि मग खाली भरवीत असे. राग एका दिवसात गेला नाही. तो रोज मनात येई. फटीतून एकच चोच बाहेर येई, तेव्हा हटकून येई. रोज बोधिसत्त्व आधी भरवून घेई आणि मग तिच्याशी थोडे बोले. पुढे मादीला पिसे आली. पुढे पिल्लूही भिंत फोडून बाहेर पडले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, श्रावस्तीच्या नंदिसेन नावाच्या रंगाऱ्याला सांगितली. नंदिसेनाला घरी यायला उशीर झाला म्हणून त्याची बायको सुवासा वाट पाहायला दारापर्यंत गेली होती, आणि तेवढ्यात त्यांचा धाकटा मुलगा रंगाच्या उकळत्या कढईत पडून मेला. तेव्हापासून नंदिसेन तिच्याशी बोलला नव्हता. तो भिक्षू व्हायची परवानगी मागायला आला होता. सुवासा त्याच्या मागोमाग येऊन सगळ्यांच्या मागे बसली होती.

कथा संपल्यावर नंदिसेन म्हणाला, "भगवन्, मग त्या मादीला काहीच शिक्षा झाली नाही?"

शास्ते म्हणाले, "नंदिसेना, पिल्लाचा आवाज थांबलेला तिने खालून ऐकला होता."

नंदिसेनाने मान खाली घातली.

"त्या वेळची साळुंकी म्हणजे तुझ्या कानाशी रोज बोलणारी तुझी शेजारीण," शास्ते म्हणाले. "ती मादी म्हणजे सुवासा. तो धनेश मी होतो. आणि ढोलीच्या तळाशी जे पिल्लू उरलं होतं, ते तू होतास."

नंदिसेन उठला, मागे गेला आणि सुवासापासून थोड्या अंतरावर बसला. तिच्याकडे त्याला पाहवले नाही. पण घरी आत्ता कोण आहे, चुलीवर काही ठेवले आहे का, हे त्याने तिला विचारले.

मनातला राग गेलेला नसतानाही समोरच्या जिवाला आधी घास द्यायचा, आणि हे रोज नव्याने करायचे, याला क्षांती म्हणतात.