रिबकामायची पेटी

या, इकडे सावलीत या. देवळाच्या पडवीत दोन आकड्यांना टांगलेली ती लाकडी पेटी आहे ना, तिच्याकडे सगळे पाहुणे असेच बघत राहतात आणि मग हळूच विचारतात, ती मेलेल्या माणसाचीच का? हो, त्याचीच. आणि एकच आहे. आमच्या खडकदऱ्यात जो कुणी ख्रिस्ती माणूस जातो, तो याच पेटीतून कबरस्थानात जातो. तिथे झाकण काढायचं, चादरीत गुंडाळलेला देह दोरांनी खाली सोडायचा आणि पेटी परत आणायची. मागे शहरातून आलेल्या एक बाई नाक मुरडून म्हणाल्या, "वापरलेली पेटी?" मी म्हटलं, "बाई, आत झोपलेल्या कुणीच अजून तक्रार केली नाही."

मी शमुवेल भालेराव. चाळीस वर्षं या देवळाची घंटा वाजवतोय, तेव्हा पेटीचं सगळं मला ठाऊक. ती आखूड आहे, हेही तुमच्या लक्षात आलं असेल. सव्वातीन हात, बस्स. उंच माणसाला गुडघे मुडपून निजवावं लागतं. माझेही मुडपावे लागणार, आणि ते आताच धड वाकत नाहीत. लांब पेटी करा म्हणून दर दोन वर्षांनी कुणीतरी पंचांना सांगतं आणि पंच नकाराची मान हलवतात. कारण ते माप रिबकामायचं आहे.

मानमोडीच्या, म्हणजे त्या मोठ्या तापाच्या साथीच्या सालातली गोष्ट. माझ्या आज्याने ती त्याच्या बापाकडून ऐकलेली. तेव्हा इथे ख्रिस्ती घरं तीस-बत्तीस, आणि गेनू नावाचा एक माणूस मिशनच्या शाळेची बाकं करायचा. रिबका ही त्याची बायको. त्यांची दोन मुलं पाठोपाठ गेली होती. दोघांना ओढ्यापलीकडे पुरलं आणि दोन्ही वेळा तरसांनी उकरलं, असं सांगतात. रिबकाने ते डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर तिने नवऱ्याजवळ एकच गोष्ट मागितली, म्हणे. लुगडं नाही, डागिना नाही. "मला पेटीत घाला. मला तरसाच्या तोंडी देऊ नका."

दुष्काळात झाडं आधीच चाऱ्यासाठी तोडलेली. लाकूड आणायचं कुठून? गेनूने घराचं दार काढलं आणि बैलगाडीची साटी मोडून तिच्या फळ्या काढल्या. रिबकाला चौकटीला टेकून उभी केली, डोक्यावर रेघ मारली आणि त्याच मापाची पेटी केली. बाकं करणारा माणूस तो, जेवढ्यास तेवढं कापायची सवय. वर चार बोटं सोडावीत, हे त्याला सुचलं नाही. ती त्या पेटीत निजून बघायची म्हणे, आणि हसायची. दाराला पुढे वर्षभर गोणपाट होतं.

मग मानमोडी आली. आज अंगदुखी, परवा माणूस खलास. सात दिवसांत आपली एकोणीस माणसं गेली. कबरस्थानाची वाट गावच्या पाणवठ्यावरून जायची, आणि पाटलाने दवंडी दिली की उघडं मढं पाणवठ्यावरून न्यायचं नाही, बंद पेटी असेल तरच वाट मिळेल. तो काही दुष्ट नव्हता, घाबरला होता. सगळेच घाबरले होते.

पाचव्या दिवशी सकाळी रिबका गेली.

गेनूने तिला पेटीत निजवलं, भावाला हाताशी घेतलं आणि ओढ्यापलीकडे कबरस्थानात नेलं. खड्डा खणून होतोय तोच शेजारची सारा पळत आली. तिच्या सुनेचं मढं घरात पडून होतं, आणि पाटलाची माणसं पाणवठ्यावर काठ्या घेऊन उभी. ती म्हणाली, "गेनूदाजी, येवढी एक खेप द्या. लगेच आणून देते."

गेनूने बायकोकडे पाहिलं. मग तिला उचलून जमिनीवर चादरीत ठेवली आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "येवढी एक खेप व्हऊ दे, रिबका. मग तुझीच हाये."

पेटी गेली, सून पोचवून मोकळी झाली. पण ती कबरस्थानातच असल्याचं कळल्यावर दुसरं घर येऊन उभं राहिलं, मग तिसरं. नाही कुणाला म्हणायचं? बाप मेलेल्या पोरीला, की पोर मेलेल्या बापाला? दर खेपेला गेनू वाकून तेच म्हणायचा. स्वतः मात्र तिथून हलला नाही. कावळे हाकलत उन्हात बसून राहिला. दुपार टळेपर्यंत सहा खेपा झाल्या. दिवस कलला तेव्हा पेटी परत आली. त्याने रिबकाला आत ठेवलं, झाकण लावलं, पेटी खड्ड्यात सोडली आणि पहिली मूठ माती टाकली.

तेवढ्यात ओढ्याच्या काठावर शिलास नावाचा म्हातारा दिसला. धापा टाकत होता. त्याची बायको काल गेली होती, अजून घरातच होती. त्याने उघडा खड्डा पाहिला, आतली पेटी पाहिली आणि काही मागितलंच नाही. मटकन खाली बसला, एवढंच.

मागितलं असतं तर गेनूने कदाचित नाही म्हटलं असतं, असं माझा आजा म्हणायचा. न मागणाऱ्याला नाही कसं म्हणणार? तो खड्ड्यात उतरला. पेटी वर आली आणि रिबका नुसत्या मातीत राहिली. गेनू हंबरडा फोडून रडला. "मी काय करू, सांगा ना कुणी, मी काय करू," एवढंच म्हणत होता म्हणे. त्या दिवशी पेटी नेलेली सगळी माणसं, अंगात ताप असताना, ओढ्यातून एकेक धोंडा उचलून आली आणि तिच्या कबरीवर रचून गेली. तरसाला ती उकरता आली नाही. तो समोर ओढ्यापलीकडचा ढीग दिसतो ना, देवळाच्या कौलांइतका उंच? तोच. अजून दर मयतीला माणशी एक धोंडा पडतो.

साथ सरल्यावर पेटी रिबकाजवळ पुरून तिची तिला द्यायचं पंचांनी ठरवलं. न्यायला निघाले की कुणीतरी गेलेलं असायचं. पुढे गेनूही गेला, गुडघे मुडपून. फळ्या कुजल्या तशा बदलल्या. आता त्यात तिच्या दाराचं एक लाकूड उरलेलं नाही, माप तेवढं तिचं राहिलंय.

गेल्या नाताळाआधी माझी बायको दीना गेली. बुटकी होती, पेटीत अगदी नेमकी मावली. मी पंचांच्या पाया पडलो. म्हटलं, ही शेवटची समजा, आता द्या त्या माऊलीला तिची वस्तू, नवी करायला मी लाकूड देतो. पंच हो म्हणाले. पेटी ढिगावर ठेवली आणि वरच्या आळीतून फोन आला, याकोबनाना गेले. त्यांच्या घरच्यांना दारात बसवून मी नव्या पेटीची वाट बघायला सांगणार होतो का? एका बाजूने मीच उचलली. लाज वाटली, पण उचलली.

आजही मयत खाली सोडली की रिकामी पेटी आधी तिच्या ढिगावर ठेवतात. सगळे डोकी उघडी करून उभे राहतात. घंटावाला म्हणून मी म्हणतो, "रिबकामाय, आणली तुझी पेटी." एक प्रार्थना होईस्तोवर ती तिची असते. मग चौघं पुढे होतात, पेटीला हात लावतात, आणि उचलायच्या आधी मला ढिगाशी वाकून सांगावं लागतं, "येवढी एक खेप व्हऊ दे, माय."