उपरण्यावरचं राज्य

फार जुनी गोष्ट आहे, डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हाची.

एका राजाच्या पदरी एक नकाशेवाला होता. राज्यात कुठे काळा कातळ, कुठे मुरूम, कुठे चिकणमाती, हे सगळं त्याने पायी हिंडून पाहिलं होतं. राजाला मात्र ते एका उपरण्यावर हवं होतं. "खांद्यावर टाकून फिरता आलं पाहिजे," तो म्हणाला. मग काय करणार? नकाशेवाल्याने मुरमाचे लहान पट्टे गाळले, त्यांच्यावरून कातळाचा काळा रंग फिरवला आणि उपरणं देऊन टाकलं.

एके दिवशी एका लहानशा गावाची पाटलीण दरबारात आली. "महाराज, गुरं तहानेनं मरताहेत. एक तळं बांधून द्या, नाहीतर आमचं गाव उठेल."

राजाने उपरणं पसरलं. "तुमच्याकडे काळा रंग आहे. कातळावर पाणी टिकतं. बांधा गावाशेजारीच!"

नकाशेवाल्याने कपाळाला हात लावला. "महाराज, यावर अख्खं गाव माझ्या एका रेघेखाली झाकलं जातं. कुठला पट्टा कुठे गाळला, ते आता मलाही आठवत नाही. आधी मला तिथली जमीन पुन्हा पाहू द्या."

"अहो, नकाशा तुमचा आणि तुमचाच विश्वास नाही?"

"आहे ना! राज्य कसं आहे ते त्याला विचारा. तळं कुठे खणू, हे विचारू नका."

"बारीक आहे, एवढंच ना? मोठा करू!" राजाने चितारी बोलावले आणि तोच नकाशा दरबारभर पुरेल अशा जाजमावर उतरवून घेतला. "आता बघा, कसं स्पष्ट दिसतंय!"

नकाशेवाल्याची केसाएवढी रेघ दोरखंडाएवढी झाली होती. "महाराज, रेघ जाड झाली हो! मी गाळलेलं काही परत आलं नाही."

"तुम्हाला कशाचं कौतुकच नाही," राजा म्हणाला.

तळं बांधलं. पावसात ते काठोकाठ भरलं, पाटलिणीने खणानारळाने त्याची ओटी भरली. दिवाळी सरली आणि तळ उघडा पडला. मधोमध गाडीवाटेएवढा मुरमाचा पट्टा होता. सगळं पाणी त्यातून निघून गेलं होतं.

नकाशेवाला धावत पोचला, तेव्हा गाड्या जुंपून झाल्या होत्या.

"तुम्हाला ठाऊक होतं का हो, दादा?" पाटलिणीने विचारलं.

"नव्हतं, बाई. ठाऊक नाही, एवढंच ठाऊक होतं. तेच सांगून सांगून थकलो."

गाव गेलं. राजा हळहळला आणि म्हणाला, "नकाशातून ते पुसून टाका."

नकाशेवाल्याने उपरणं पाहिलं आणि तसंच परत दिलं. पुसायला काही नव्हतंच. ते गाव त्यात कधी मावलंच नव्हतं.

लहान नकाशा ताणून मोठा केला, म्हणून जमीन जास्त कळत नाही. जिथे खणायचं, तिथे आधी चालून पाहावं.